डोलकाठीचा माथा झिजतो तेव्हा...

पिंपरी - पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पवना आणि इंद्रायणीच्या काठाने वाढलेल्या या उद्योगनगरीतून खारे पाणी गाठायचे, तर बोरघाट उतरून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. असे असले, तरी शिडाच्या जुन्या नौकेच्या मालकाला डोलकाठीच्या टोकावरचा झिजलेला भाग बदलायचा झाल्यास अखेर भोसरी, चिंचवड किंवा चाकणसारख्याच एखाद्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता धरावा लागतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी परदेशात बांधलेल्या नौकेचे सुटे भाग बनविणारी कंपनी अनेकदा बंद पडलेली असते. आयात केलेला दुसरा भाग जुन्या खाचेत बसेलच, याचीही खात्री नसते. मग जुना भाग काढायचा, मोजायचा आणि तसाच नवा घडवून घ्यायचा, एवढाच मार्ग उरतो.

मोटारींचे आणि दुचाकींचे सुटे भाग मायक्रॉनच्या हिशेबाने बनविणाऱ्या या पट्ट्याला दोन-तीन इंचांचे एक चाक आणि बोटभर लांबीची एक पिन ही किरकोळ बाब आहे. खरी अडचण येते ती धातूच्या निवडीत. कारखान्याच्या कोरड्या छपराखाली जी सामग्री वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते, तीच डोलकाठीच्या टोकावर खाऱ्या वाऱ्यात दोन-तीन हंगामांत दगा देऊ शकते. शिवाय तेथे दगा बसला, की केवळ तो भाग निकामी होत नाही. साऱ्या डोलकाठीचाच आधार जातो.

माथ्यावर नेमके असते काय?

डोलकाठी दिसायला एकटी उभी असते. प्रत्यक्षात पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी पोलादी तारा तिला ताणून धरीत असतात. यांपैकी बऱ्याच तारा डोलकाठीच्या माथ्याशी एकत्र येतात. तेथे ॲल्युमिनियमचे ओतीव किंवा पट्ट्या जोडून केलेले एक टोपण बसविलेले असते. तारा अडकविण्यासाठी त्याला कान असतात आणि प्रत्येक कानातून एक पिन आरपार जाते. याच टोपणाच्या पोटात कप्पीची दोन ते चार चाके असतात. शीड चढविण्याचा दोर, ज्याला नौकानयनाच्या भाषेत हॅलियार्ड म्हणतात, तो डोलकाठीच्या आतून वर येतो, या चाकावरून वळतो आणि बाहेरच्या बाजूने खाली येऊन शिडाच्या टोकाला बांधला जातो. त्याखेरीज रात्रीचा दिवा, रेडिओची अँटेना आणि वाऱ्याची दिशा दाखविणारा बाण यांनाही तेथेच जागा द्यावी लागते.

एवढ्या वीतभर जागेवर किती भार येतो, हे विहिरीच्या रहाटावरून सहज समजते. भरलेली घागर वर ओढताना एका बाजूला घागरीचे वजन असते आणि दुसऱ्या बाजूला ओढणाऱ्याच्या हातांचे तेवढेच बळ. रहाटाच्या आसाला या दोन्हींची बेरीज सोसावी लागते. शिडाच्या दोराचेही तसेच आहे. शीड ताठ ठेवण्यासाठी दोरात ३०० किलोचा ताण असेल, तर चाकाच्या पिनवर जवळजवळ ६०० किलोचा भार पडतो. फरक एवढाच, की रहाटाचा भार घागर काठावर आली की उतरतो आणि शिडाचा भार तासन् तास, लांबच्या सफरीत दिवसेंदिवस, त्याच जागी राहतो. चाक फारसे फिरत नाही. ते दाबाखाली नुसते थरथरत असते. त्यामुळे पिन सर्व बाजूंनी सारखी न झिजता एकाच बाजूला चपटी होते, आणि चाकाचे भोक हळूहळू अंडाकृती बनते.

त्यात लाटांच्या हेलकाव्यांची भर पडते. डेकवर उभ्या असलेल्या माणसाला दहा अंशांचा झोका फार वाटत नाही, पण बारा मीटर उंचीवर त्याच झोक्याने माथा एका बाजूला दोन मीटर सरकतो आणि तितकाच परत येतो. असे झोके एका दिवसात हजारोंनी बसतात. एखादी पिन एका झटक्यात कधी तुटणार नाही, इतकी जाड असते. लक्षावधी लहान झटक्यांनी मात्र तिच्यात केसासारखी चीर पडते. धातू थकतो, असे अभियंते म्हणतात, ते याच अर्थाने.

मिठाचे कारस्थान

झीज घासण्याने होते हे कोणालाही कळते. गंज कसा लागतो, हे अधिक गुंतागुंतीचे आहे. डोलकाठी ॲल्युमिनियमची, पिन आणि तारा स्टेनलेस स्टीलच्या आणि दोहोंमध्ये खाऱ्या पाण्याचा ओलावा, अशी ही रचना नकळत एक छोटी बॅटरीच असते. अशा जोडीत ॲल्युमिनियमचा बळी जातो. स्टेनलेसचा स्क्रू वर्षानुवर्षे चकचकीत दिसत राहतो आणि त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. त्यामुळे स्क्रू इतका घट्ट आवळला जातो, की पाना लावताच त्याचे डोके तुटून हातात येते.

स्टेनलेस स्टीलही पूर्णपणे सुरक्षित नाही. त्याचे रक्षण करतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि हा थर टिकण्यासाठी त्याला हवेतील प्राणवायू मिळावा लागतो. तारेचे टोक ज्या नळीत दाबून बसविलेले असते, तिच्या आत किंवा पिनवर गुंडाळलेल्या चिकटपट्टीखाली खारे पाणी साचते. पण हवा पोहोचत नाही. तेथे बाहेरून काहीही न दिसता आतल्या आत गंज धरतो. बाहेर दिसतो तो फक्त चहाच्या डागासारखा तपकिरी ओघळ. हा डाग पुसून टाकून नौका पुन्हा पाण्यात ढकलण्याची सवय घातक आहे.

दुरुस्तीचे दुकान दूर असते तेव्हा

दापोडीतील कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमुळे या परिसराचे सागरी सफरींशी एक जुने नाते आहे. हे महाविद्यालय लष्कराच्या ज्या अभियंता दलाचे, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' या ३७ फुटी नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. भारतीयांनी शिडाच्या नौकेतून केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. पुढे नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रवास केला. त्यांनी चार बंदरांत थांबे घेतले होते. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता हीच प्रदक्षिणा पूर्ण केली. वाटेत न थांबणे, याचा एक व्यावहारिक अर्थ असा, की डोलकाठीच्या माथ्यावर काही बिघडले, तर भर समुद्रात एकट्याने वर चढून ते ठीक करावे लागते.

डोलकाठी गेली तर काय होते, याचा अनुभव टॉमी यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये घेतला. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ज्या 'सुहैली'तून एकट्याने, विनाथांबा जगप्रदक्षिणा केली, ती नौका मुंबईत सागवानात बांधलेली. तिचीच प्रतिकृती असलेली, गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन टॉमी गोल्डन ग्लोब स्पर्धेत उतरले होते. दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौका उलटी-सुलटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. तेथे दोष वादळाचा होता, झिजलेल्या पिनचा नव्हे. परंतु डोलकाठी कशानेही कोसळो, तारांच्या गुंत्यात अडकलेला तो सांगाडा लाटांबरोबर नौकेच्याच अंगावर आदळत राहतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी हे घडले, तर निदान मदत जवळ असते, इतकेच.

वर चढण्यापूर्वी

मुंबईच्या किनाऱ्यावर शिडाच्या नौकांचा हंगाम साधारणपणे पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि पुढचा पावसाळा तोंडावर येताच संपतो. नौका किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या असतात, तो काळ माथ्याच्या तपासणीला उत्तम. शक्य असेल तर डोलकाठी क्रेनने उतरवून आडवी ठेवावी. औद्योगिक पट्ट्यातील कोणालाही परिचित असलेली हायड्रा क्रेन मध्यम आकाराच्या नौकेची डोलकाठी सहज उचलते. त्यासाठी येणारा खर्च जड वाटला, तरी आडव्या डोलकाठीवर जे दिसते ते दोरीला लटकून दिसत नाही. तारा सोडण्यापूर्वी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी आणि जोडणीची छायाचित्रे काढावीत. हा अर्ध्या तासाचा कंटाळवाणा उद्योग टाळणाऱ्यांना पुढे दोन दिवस कोडे सोडवीत बसावे लागते.

डोलकाठी उभी असतानाच वर जायचे असेल, तर पाटासारख्या आसनात बसून जातात. येथे एक विचित्र पेच आहे. वर जाणारा माणूस ज्या दोराला लटकतो, तो दोर बहुधा त्याच झिजलेल्या चाकावरून आणि त्याच संशयित पिनवरून गेलेला असतो! म्हणून आसन एका दोरावर आणि कमरेचा सुरक्षापट्टा दुसऱ्या, वेगळ्या चाकावरून आलेल्या दोरावर, अशीच व्यवस्था हवी. दोर कडीला न अडकवता आसनाला गाठ मारून बांधावा. हत्यारे दोरीने मनगटाला किंवा आसनाला बांधावीत, आणि खाली डोलकाठीच्या पायाशी कोणीही उभे राहू नये. बारा मीटरवरून पडलेला पाना हेल्मेटलाही जुमानत नाही.

तपासताना डोळ्यांपेक्षा बोटांवर विसंबावे. चाक हाताने दोन्ही बाजूंना हलवून पाहावे. ते लडबडत असेल तर भोक किंवा पिन झिजलेली आहे. चाक फिरतच नसेल, तर दोर त्यावरून घसरत आणि कापला जात आहे. कानाचे भोक गोल आहे की लांबट झाले आहे, हे पिन काढल्यावरच समजते. ओतीव टोपणावर चीर असल्याचा संशय आला, की भोसरीतील फाउंड्रीवाल्यांना पाठ असलेली एक स्वस्त चाचणी उपयोगी पडते. भाग स्वच्छ करून त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव फवारतात, दहा-वीस मिनिटांनी तो पुसतात आणि वर पांढरी भुकटी मारतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग बाहेर येऊन पांढऱ्यावर स्पष्ट रेष उमटते. डीपी टेस्ट या नावाने ती ओळखली जाते आणि तिचे डबे वेल्डिंगच्या साहित्याच्या दुकानांत मिळतात.

अडकलेले स्क्रू काढताना घाई करू नये. गंज सोडविणारे तेल दोन-तीन दिवस मुरू द्यावे, बेताची उष्णता द्यावी, हलके ठोके मारावेत आणि तरीही स्क्रू न सुटल्यास तो ड्रिलने काढावा. गॅसची बत्ती सरळ लावणे मात्र टाळावे. ॲल्युमिनियम तापताना लाल होत नाही, आणि ते मऊ पडले हे उशिरा समजते.

कारखान्यातील सवयी समुद्रावर चालत नाहीत

जुना भाग हातात आला, की तो घेऊन वर्कशॉपमध्ये जायचे. येथूनच चुकांना सुरुवात होते आणि बहुतेक चुका कारागिराच्या अनुभवातूनच होतात.

पहिला मोह नायलॉनचा. चाक बनवायचे म्हटल्यावर टर्नर रॅकवरचा नायलॉनचा दांडा उचलतो. तो स्वस्त असतो, लेथवर छान कापला जातो आणि कन्व्हेअरच्या रोलरला तो वर्षानुवर्षे चालतो. मात्र नायलॉन पाणी शोषून फुगतो. आज अचूक मापाचे बसलेले चाक पावसाळ्यानंतर खाचेत गच्च अडकते. या कामासाठी ॲसिटल हे प्लॅस्टिक योग्य, बाजारात ते डेल्रिन या नावाने मागितले जाते. ते पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यातही काळ्या रंगाचे घ्यावे. उन्हापुढे पांढऱ्यापेक्षा ते अधिक टिकते.

दुसरा मोह पितळेचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते आणि मागे स्पंजासारखे ठिसूळ तांबे उरते. दिसायला बुश तसाच असतो, रंग थोडा लालसर झालेला असतो इतकेच. बुश हवाच असेल तर तो गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा असावा. ॲसिटलचे चाक स्टेनलेसच्या गुळगुळीत पिनवर बुशशिवायही उत्तम फिरते. बेअरिंगच्या या गावात बॉलबेअरिंग बसविण्याची सूचना कोणीतरी हमखास करणार. तीही नाकारावी. साधे बेअरिंगचे पोलाद खाऱ्या हवेत पाहता पाहता गंजते, आणि ज्या चाकावर भार प्रचंड पण फिरणे नगण्य, तेथे साधा बुशच सरस ठरतो.

तिसरा प्रश्न पिनच्या पोलादाचा. 'एसएस' एवढेच सांगितले, तर बहुधा ३०४ प्रतीचे मिळते. स्वयंपाकघरासाठी आणि दुधाच्या टाक्यांसाठी ते उत्कृष्ट आहे. समुद्रासाठी ३१६ प्रत हवी. तिच्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाचा मारा सोसण्याची शक्ती त्यातून येते. दोन्ही पोलादे डोळ्यांना सारखीच दिसतात. लोहचुंबक लावून पारख करण्याची पद्धत येथे कुचकामी आहे, कारण दोन्हींना चुंबक साधारणपणे सारखाच प्रतिसाद देतो. सळईबरोबर कसोटी प्रमाणपत्र मागावे, अथवा परिसरातील एखाद्या धातुपरीक्षण प्रयोगशाळेत तिचा तुकडा तपासून घ्यावा. मोटार कंपन्यांना माल पुरविणाऱ्या उद्योजकांना अशा तपासणीची सवय असतेच. दोन पिनांसाठी ती करून घेण्याचा आग्रह धरणारे ग्राहक तेवढे विरळ.

शिवाय स्वच्छतेचा मुद्दा आहे. साधे लोखंड घासलेल्या ग्राइंडरवरच स्टेनलेसची पिन घासली, तर लोखंडाचे सूक्ष्म कण तिच्या अंगात रुततात. आठ दिवसांत तिच्यावर गंजाचे ठिपके उठतात आणि दोष पोलादाला दिला जातो. पिनसाठी वेगळे चाक, वेगळा ब्रश हवा.

सर्वांत गंभीर चूक वेल्डिंगची. टोपणाचा कान चिरला असेल, तर 'आर्गन मारून देतो' हे उत्तर तयार असते. आर्गन वेल्डिंगचे येथील कारागीर वाकबगार आहेत, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे मीठ प्यायलेल्या ओतीव ॲल्युमिनियममध्ये टाका सच्छिद्र होतो. पट्टी किंवा नळी ६०६१-टी६ सारख्या उष्णताप्रक्रिया केलेल्या मिश्रधातूची असेल, तर टाक्यालगतच्या भागाची ताकद ४० टक्क्यांच्या आसपास घटते. टाका चकचकीत दिसतो आणि त्याच्या शेजारीच कान तुटतो. चिरलेले टोपण अख्ख्या ठोकळ्यातून मिलिंग करून नवे बनविणे महाग पडते, तरीही येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

तार गेली, दोर आला

जुन्या नौकांमध्ये शीड चढविण्यासाठी पोलादी तार वापरीत आणि हाताने ओढण्याच्या टोकाला दोर जोडीत. आता पॉलिएस्टरचे किंवा डायनीमाचे दोर पुरेसे कमी ताणले जातात, म्हणून बहुतेक मालक तार काढून टाकतात. चाक मात्र जुनेच ठेवतात. तारेसाठीच्या चाकाला अरुंद, खोल खाच असते. तिच्या कडा तारेने घासून करवतीसारख्या झालेल्या असतात. महागडा नवा दोर अशा खाचेत काही आठवड्यांत तुटू लागतो. दोराच्या चाकाला रुंद, अर्धगोल खाच हवी, आणि चाकाचा व्यास दोराच्या व्यासाच्या निदान आठपट असावा. १० मिलिमीटरच्या दोराला ८० मिलिमीटरचे चाक, असा हा हिशेब. चाक व टोपणाच्या भिंती यांमधील फट दोराच्या जाडीपेक्षा पुष्कळ कमी ठेवावी. अन्यथा शीड फडफडताना ढिला पडलेला दोर चाकावरून उडून त्या फटीत रुततो, आणि मग शीड ना वर जाते ना खाली येते. वारा वाढत असताना शीड खाली न येणे यासारखे दुसरे संकट नाही. चाकाचे भोक पिनपेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटरने मोठे असले म्हणजे पुरे.

जोडणी करताना स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडू देऊ नये. मध्ये प्लॅस्टिकचे वॉशर घालावेत आणि स्क्रूच्या आट्यांना धातू विलग ठेवणारी पेस्ट लावावी. डोलकाठी उतरविलेलीच आहे, तर दिव्याची वायर आणि अँटेनाची केबलही बदलून घ्यावी. जुनी केबल आतून काळी पडलेली आढळते. दिवा एलईडीचा घेतला तर बॅटरी वाचते. तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील, तर वरून कितीही चांगल्या दिसोत, त्या याच वेळी बदलण्याचा प्रघात आहे.

कानातील पिना निसटू नयेत म्हणून त्यांच्या टोकाला स्प्लिट पिन घालतात. ती प्रत्येक वेळी नवी आणि स्टेनलेसचीच घ्यावी. तिचे पाय थोडेच फाकवावेत; पूर्ण मागे दुमडलेली पिन अडचणीच्या वेळी निघत नाही आणि दुमडतानाच तिला चीर पडते. पहिल्या जोराच्या वाऱ्यातून परतल्यावर पुन्हा एकदा वर जाऊन या पिना, चाकाचे फिरणे आणि कानांची भोके तपासावीत. वर्कशॉपमधून मिळालेले माप, धातूची प्रत आणि तारीख लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जुन्या चाकासह नौकेतच ठेवावा. पुढच्या वेळी हे काम ज्याच्या लेथवर जाईल, तो कारागीर प्रथम तेच मागणार आहे.